निकाराग्वाची राजकन्या

आमच्या घरात मध्य अमेरिकेविषयी जितकं बोललं जातं, तितकं खुद्द मध्य अमेरिकेतही बोललं जात नसावं. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा, कोस्टा रिका ही नावं सकाळच्या चहाबरोबरच माझ्या कानांवर पडायला लागतात. माझे यजमान, चिंतामणी टिपणीस, जमिनीच्या दस्तनोंदणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, भजनी मंडळात जातात, निदान कट्ट्यावर बसून सरकारला शिव्या देतात. ह्यांनी जुन्या नोटा जमवायला घेतल्या. त्याही आपल्या नव्हेत. का, तर आपल्या कोणीही जमवतं.

'कोणीही' हा ह्यांचा लाडका शब्द. भिवंडीत नोटांचे शौकीन कमी नाहीत. कुणी सातशे शहाऐंशी आकड्याच्या नोटा शोधतो, कुणी पोरांच्या जन्मतारखा नोटांच्या नंबरांत हुडकतो. यंत्रमाग कारखान्यांचे शेठ असतात, त्यांचे हिशेब ठेवणारे मेहता असतात, रिक्षावालेही असतात. ह्यांच्या लेखी ते सगळे रद्दीवाले. मला विचाराल तर त्या रिक्षावाल्याच्या नादाला काही अर्थ तरी आहे. तो मुलीची जन्मतारीख शोधत असतो. आमचे हे कुणाचं काय शोधत असतात, ते मला अजून कळलेलं नाही.

हे स्वतः शिर्डीच्या पुढे गेलेले नाहीत. हौसेनं पासपोर्ट काढला होता, तो कोराच्या कोरा असतानाच त्याची मुदत संपली. पण टेमघरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या वरच्या कपाटात, सगळी मध्य अमेरिका प्लास्टिकच्या पाकिटांत घालून ठेवलेली आहे. पांढरे हातमोजे घालून, चिमट्यानं उचलून, भिंगातून बघायची. पंखा लावायचा नाही. शिंकायचं नाही. कुणी पाहुणा आला की आधी त्याला हात धुवायला पाठवायचं आणि मग पोहे न देता अल्बम द्यायचा. 'मध्य अमेरिका चलन अभ्यासक' असा व्हॉट्सअॅपवर ह्यांचा एक ग्रुप आहे. त्यात एक पुण्याचे गृहस्थ आहेत, एक कोल्हापूरचे, आणि अॅडमिन हे. कोल्हापूरकर फक्त गुड मॉर्निंग पाठवतात.

मी तीस वर्षं मुलींच्या हायस्कुलात इतिहास शिकवला. नवऱ्याच्या छंदाची कुचेष्टा करू नये हे मला समजतं. मी करत असे ती मनातल्या मनात, फार तर स्वयंपाकघरात. ती चारचौघांत करायची वेळ आली, ती त्या निळ्या नोटेपायी.

निकाराग्वाची ती एक कोर्दोबाची, म्हणजे तिथल्या एका रुपयाची, नोट, एकेचाळीस सालच्या मालिकेतली. एका दलालाकडून ती आली त्या दिवशी ह्यांनी देवापुढे दिवा लावला होता. निळसर रंग, मधोमध एका तरुण मुलीचं चित्र, केसांत पीस. छपाई सुंदर होती, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, "गोड आहे मुलगी. कोण ही?"

ह्यांना असा प्रश्न विचारणारं माणूस वर्षातून एकदा भेटतं. हे खुलले.

"तीच तर गंमत आहे! कॅटलॉगमध्ये नुसतं 'इंडियन मुलगी' लिहिलंय. म्हणजे तिथली आदिवासी. पण जाणकार म्हणतात, ही तिथल्या हुकूमशहाची मुलगी. अमेरिकेत शिकलेली, लाडावलेली. बापानं तिला आदिवासी पोशाख चढवला आणि सरळ नोटेवर छापली."

"आणि खऱ्या आदिवासी?"

"त्यांचं काय?"

"त्यांना काय वाटलं असेल?"

"विद्या, ही नोट आहे," हे म्हणाले. "मतदान नव्हे."

आणि त्यांनी ती पाकिटात सरकवली. विषय संपला.

यंदाच्या पावसाळ्यात रोशनीचा फोन आला. रोशनी माझी विद्यार्थिनी. वज्रेश्वरीच्या पलीकडच्या डोंगराच्या पाड्यावरची. भिवंडीत वसतिगृहात राहून शिकली, डी.एड. झाली आणि आता तिकडच्याच एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे. वर्गात कधी हात वर करायची नाही, पण उत्तरपत्रिकेत असं काही लिहायची की मी लाल पेन खाली ठेवून वाचत बसायची.

"बाई, नऊ ऑगस्टला आदिवासी दिनाचा कार्यक्रम आहे शाळेत," ती म्हणाली. "तुम्ही या ना. मुलींशी दोन शब्द बोला."

मी हो म्हटलं. माझं चुकलं ते एवढंच, की फोन स्पीकरवर होता.

"मी येतो!" हे आतून ओरडले. "रोशनी, मी जगातल्या आदिवासींवर व्याख्यान देतो. नोटांसकट! असं तुमच्या अख्ख्या तालुक्यात कुणी केलं नसेल."

रोशनी म्हणाली, "या ना सर."

पुढचे दिवस आमच्या घरात निवडणूक असल्यासारखे गेले. होंडुरासच्या लेंपिराचं चित्र मोठं करून आणलं. लेंपिरा हा तिथला आदिवासी सरदार, स्पॅनिश फौजेशी लढताना मेलेला, देशाच्या चलनाला त्याचंच नाव आहे. ग्वाटेमालाच्या नोटेवरचा वीर आणला. इथवर ठीक होतं. पण ह्यांच्या फ्लेक्सवर सगळ्यांत मोठं चित्र होतं ते त्या निळ्या नोटेवरच्या मुलीचं, आणि खाली जाड अक्षरांत, 'निकाराग्वाची आदिवासी राजकन्या'.

मी फ्लेक्सपुढे उभी राहिले. "अहो, ही तर त्या हुकूमशहाची मुलगी ना?"

"हळू बोल."

"इथे कोण आहे ऐकायला?"

"अगं, हे तिथे कुणाला माहीत आहे?" हे म्हणाले. "त्या लोकांना हुकूमशहा वगैरे काय कळणार? त्यांना आवडेल असं सांगायचं. त्यांची एक मुलगी राणी झाली, नोटेवर आली, असं ऐकलं की खूश होतील बिचारे."

'बिचारे' म्हणताना ह्यांच्या चेहऱ्यावर जी दया होती, ती मी नोंदणी कचेरीत पाहिलेली आहे. अंगठा उठवायला आलेल्या म्हाताऱ्यांपुढे शाईचं पॅड सरकवताना हे अशीच दया दाखवायचे. त्या म्हाताऱ्यांना आपण काय विकतोय हे कळत नसायचं. ह्यांना कळायचं. कुणी काही विचारलं की हे म्हणायचे, "आजोबा, तुम्ही नुसता अंगठा द्या."

मी म्हटलं, "खोटं सांगू नका. मुलं असतात समोर."

"तू इतिहास शिकवलास म्हणून जग इतिहासावर चालत नाही," हे म्हणाले आणि हातमोजे काढून जेवायला बसले.

त्यानंतर ह्यांना आणखी एक कल्पना सुचली. नोटेवरच्या राजकन्येसारखी सजलेली एक मुलगी व्यासपीठावर उभी करायची. त्यांनी रोशनीला फोन लावला, पुन्हा स्पीकरवरच. मी शेजारीच वाटाणे सोलत होते.

"रोशनी, तुमच्यातलीच एखादी नाकीडोळी नीटस मुलगी काढून ठेव. पिसांचा मुकुट मी आणतो."

"सर, आमच्या पोरी पिसं नाही लावत," रोशनी म्हणाली.

"अगं, आदिवासी वेश ना तो!"

"आमचा लुगड्याचा वेश आहे, सर. मुली तारपा नाच बसवतायत. सगळ्या लुगडं नेसून येणार. पिसांचं आमच्यात कुणी काही घालत नाही."

"एका दिवसापुरतं घातलं तर काय बिघडलं?"

"मग तुम्हीच घाला ना, सर," रोशनी म्हणाली. आवाजात इतका आदर होता, की ह्यांना टोमणा कळायला वेळ लागला. कळला तेव्हा फोन ठेवला गेला होता.

"शिकल्या की अशा बोलायला लागतात," हे म्हणाले. मी वाटाणे सोलत राहिले, कारण हसू आवरायला हाताला काम हवं होतं.

पण हे हटले नाहीत. आमची नात रीमा दुसरीत आहे. मुलगा आल्हाद नाशिकला नोकरीला असतो. सून वल्लरी रीमाला घेऊन आमच्याकडे राहते, कारण तिची नोकरी इथल्या गोदामांच्या ऑफिसात आहे आणि सुट्टी मिळणं म्हणजे दिव्य. ह्यांनी वल्लरीला सांगितलं की रोशनीच्या शाळेत छोटासा फॅन्सी ड्रेस आहे, रीमाला घेऊन जातो. वल्लरी लॅपटॉपवरून मान न उचलता "बरं बाबा" म्हणाली. नाटकांचे कपडे भाड्यानं देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडून पिसांचा मुकुट आला, तपकिरी झालरीचा झगा आला, मण्यांच्या माळा आल्या. रीमानं मुकुट घातला आणि आरशात बघून विचारलं, "आजोबा, मी कोंबडी आहे का?"

"तू राजकन्या आहेस," हे म्हणाले.

नऊ तारखेला आम्ही भाड्याच्या गाडीनं निघालो. अंबाडीच्या पुढे रस्ता असा की ह्यांनी अल्बम बाळासारखा छातीशी धरला होता. हवेत ओल होती, नोटांना ओल लागू नये म्हणून गाडीच्या काचा बंद होत्या आणि आत तिघंही घामानं निथळत होतो. रीमाच्या कपाळावर मुकुटाचं इलॅस्टिक रुतलं होतं.

शाळेच्या सभागृहात मुलं मांडी घालून बसली होती. मागे आणि दाराशी आईबाप, काही म्हाताऱ्या. भाताची आवणी, म्हणजे लावणी, नुकतीच आटपली होती, त्यामुळे लोक आले होते. एका बाजूला नाचाच्या मुली, सगळ्या गुडघ्यापर्यंतची लुगडी नेसलेल्या, केसांत फुलं. त्या रीमाकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. रोशनी पुढे आली, माझ्या पाया पडली, तिनं रीमाकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला वर्गातल्यापासून माहीत आहे.

मुख्याध्यापकांनी प्रास्ताविक केलं. एका स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर आला होता, त्यानं फोटो काढले. मग हे उभे राहिले.

ह्यांच्या भाषणाविषयी मी काय सांगू? समोर बसलेली मुलं सुट्टी संपली की डोंगर उतरून चालत शाळेत येतात आणि हे त्यांना 'काटक जीवनपद्धती'विषयी सांगत होते. समोरच्या बायकांनी महिनाभर चिखलात उभं राहून आवणी केली होती आणि हे त्यांना 'निसर्गाशी नातं' समजावत होते. लेंपिराची गोष्ट मात्र त्यांनी बरी सांगितली. तो मेला तिथे मुलं खरोखर गप्प झाली. इथेच थांबले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्यांनी रीमाला पुढे ओढलं, फ्लेक्सकडे बोट केलं आणि आवाज चढवला.

"आणि ही! ही निकाराग्वाची आदिवासी राजकन्या. जंगलात जन्मली, तुमच्यासारखीच. तिच्या शौर्यापुढे गोऱ्या साहेबांनीही मान तुकवली. आणि सरकारनं तिचा मान म्हणून तिला नोटेवर छापलं!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. दाराशी रोशनीची आत्या बसली होती, ठमाबाई. तिनं हात वर केला नाही, काही नाही, तिथूनच विचारलं, "तिचा नाव काय हाय?"

हे थांबले. मी ह्यांना चाळीस वर्षं ओळखते. उत्तर येत नसलं की ह्यांचा उजवा हात चष्म्याकडे जातो. तो गेला.

"तिचं नाव," हे म्हणाले, "तिचं नाव राजकन्या कोर्दोबा."

आता खरी गोष्ट ह्यांनीच आम्हाला घरात हजारदा ऐकवलेली आहे. कोर्दोबा हे त्या चलनाचं नाव, आणि ते आलं एका स्पॅनिश सरदारावरून. त्यानं समुद्रापलीकडून येऊन तो मुलूख जिंकला आणि तिथे आपली शहरं वसवली. तिथल्या आदिवासींचा मुलूख ज्यानं हिसकावला, त्याचंच नाव माझ्या नवऱ्यानं आदिवासी राजकन्येला दिलं. तेही का, तर 'मला माहीत नाही' एवढं म्हणण्यानं त्यांची मान खाली गेली असती.

मी उभी राहिले. उभं राहायचं असं काही ठरवलेलं नव्हतं. मी समोर बसलेल्या मुलांकडे पाहिलं आणि वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की जशी उठायची तशी उठले.

"हे खरं नाही," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत राहिले.

"ती मुलगी आदिवासी नव्हती," मी म्हटलं. "तिथे एक माणूस सगळ्यांच्या उरावर बसून राज्य करत होता. लोक म्हणतात, ही त्याची लेक. तिला आदिवासी मुलीचे कपडे घातले आणि नोटेवर छापलं. आणि कोर्दोबा हे तिचं नाव नाही. तो परका माणूस होता, ज्यानं तिथली जमीन घेतली."

ठमाबाईनं फ्लेक्सकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे बापाचाच राज, बापाचीच नोट, आन् पोर बी बापाचीच."

"हो."

"मंग तिथल्या आदिवाशांच्या पोरी? त्या न्हाय छापल्या?"

"नाही."

"कपडे त्यांचे घेतले ना पर!" ठमाबाई म्हणाली आणि हसली. मग तिच्या शेजारची हसली, मग दाराशी उभे असलेले बाप्ये, आणि मग ती लुगडी नेसलेल्या मुलींची रांग. ते हसणं काही ह्यांच्यावर ओरडून केलेलं नव्हतं. धान्य तोलताना काट्यावर अंगठा ठेवणारा दुकानदार दिसला की लोक जसे एकमेकांकडे बघून हसतात, तसं ते होतं.

रीमानं माझा पदर ओढला. "आजी, मग मी कोण आहे?"

"तू रीमा टिपणीस," मी म्हटलं. "काढ तो मुकुट. डोकं खाजतंय ना?"

तिनं तो तिथेच काढला आणि व्यासपीठाच्या कडेला ठेवला. कपाळावर इलॅस्टिकचा लाल वळ उठला होता.

ह्यांनी घसा खाकरला. "आमच्या सौभाग्यवतींना विनोदाची आवड आहे," म्हणाले, आणि आणखी बराच वेळ कागदाच्या प्रकारांवर बोलले. मुख्याध्यापकांनी शाल आणि नारळ दिला. आपल्याकडे माणसानं काहीही बोलावं, शाल आणि नारळ ठरलेला असतो.

नंतर बाहेर मैदानात भोपळ्याचा लांब तारपा वाजायला लागला. एका मुलीनं रीमाचा हात धरून तिला रांगेत घेतलं. झालरीच्या झग्यात ती भलतीच दिसत होती, पण पाय बरोबर टाकत होती. हे मात्र गाडीत जाऊन बसले. काचा बंद करून, मांडीवर अल्बम घेऊन.

परतताना अंबाडी आली. रीमा माझ्या मांडीवर झोपली होती.

"घरी सांगायचंस," हे शेवटी म्हणाले.

"घरी सांगितलं होतं."

"चारचौघांत नवऱ्याला खाली बघायला लावलंस."

"मी नाही लावलं," मी म्हटलं. "नाव काय, एवढंच त्या बाईनं विचारलं. माहीत नाही म्हणायचं होतं."

"त्यांना काय फरक पडत होता?"

"त्यांनाच तर पडला."

ह्यांचा चेहरा उतरलेला पाहून मला वाईट वाटेल, असं मला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. भूक मात्र लागली होती.

दोन दिवसांनी वर्तमानपत्र आलं. आतल्या पानावर मोठा रंगीत फोटो होता. आमची रीमा, डोक्यावर पिसांचा मुकुट. खाली लिहिलं होतं, 'आदिवासी दिनी पारंपरिक वेशभूषेत सहभागी झालेली आदिवासी बालिका.' बातमीत मुख्याध्यापकांचं नाव होतं, सरपंचांचं होतं, मंडप घालणाऱ्याचंसुद्धा होतं. व्याख्यानाविषयी एकच वाक्य होतं, 'मान्यवरांनी मार्गदर्शन केले.'

वल्लरीनं तो फोटो ऑफिसात कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिला आणि संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढताच.

"बाबा, हा फॅन्सी ड्रेस होता?"

"म्हणजे, तसाच काहीसा."

"माझी मुलगी पेपरात आदिवासी म्हणून छापून आलीय. खरी नाचणारी मुलं तिथे होती ना? त्यांचा फोटो कुठे आहे?"

"छापणाऱ्यांची चूक आहे ती," हे म्हणाले. "मी काय करू?"

"तुम्ही तिला मुकुट घातलात!"

हे वर्तमानपत्र नाकाशी धरून बसले. वल्लरी आत गेली आणि तिनं दार असं लावलं की कपाटातली मध्य अमेरिका हादरली असावी.

रात्रीच्या जेवणाआधी रोशनीचाही फोन आला. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"बाई, पेपर बघितला? पोरी विचारतायत, ही कोण आमच्यातली. गावात सगळे हसतायत. तेवढं दुरुस्त करायला सांगा ना कुणाला तरी. मी केला होता त्यांना फोन, ते म्हणाले छोटी गोष्ट आहे."

मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही जा. तुमचं नाव सांगा आणि दुरुस्ती छापायला लावा."

"एवढ्या तेवढ्यासाठी?" हे म्हणाले. "लोक उद्या विसरतील."

मी हात जोडणार नव्हते. मी उद्या स्वतः जाणार, असं मनात ठरवून झोपले. पण सकाळी उठून पाहते तर हे अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून तयार. मला क्षणभर खरंच वाटलं, की माणसाला रात्रीत काहीतरी उमगलं.

"जाताय ना?" मी विचारलं.

"जायलाच हवं," हे म्हणाले. "अगं, त्या मूर्खांनी माझं नावच छापलं नाही! नुसतं 'मान्यवर'! एवढं पाऊण तास व्याख्यान दिलं, आणि मंडपवाल्याचं नाव आहे, माझं नाही!"

मी चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि त्यांना छत्री काढून दिली. गाडी योग्य दिशेला चालली होती, चाकं कशाची आहेत हे बघण्यात अर्थ नव्हता.

पुढे काय झालं ते मला वार्ताहरानंच नंतर सांगितलं. हे संपादकांपुढे जाऊन बसले, आपण चलन अभ्यासक असल्याचं सांगितलं, ग्रुपचे अॅडमिन असल्याचंही सांगितलं. संपादकांनी विचारलं, हे सगळं छापायचं तर निमित्त काय? दुरुस्ती काय म्हणून द्यायची? तेव्हा ह्यांच्याकडे एकच निमित्त होतं. फोटोतली मुलगी आदिवासी नाही, माझी नात आहे, हे त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं. मग ओघानं तो वेश कुठला, नोट कुठली, नोटेवरची मुलगी कोण, हेही सांगावं लागलं. संपादक हुशार होता. त्यानं सगळं लिहून घेतलं.

दुरुस्ती शुक्रवारी छापून आली. 'सदर बालिका आदिवासी नसून चलन अभ्यासक श्री. चिंतामणी टिपणीस यांची नात आहे. तिने परिधान केलेला वेश आदिवासी समाजाचा पारंपरिक वेश नाही. तो निकाराग्वा देशाच्या ज्या नोटेवरून घेतला, त्या नोटेवरील युवतीही आदिवासी नसून तेथील हुकूमशहाची कन्या असल्याचे श्री. टिपणीस यांनी सांगितले.' शेजारी ह्यांचा पासपोर्ट आकाराचा फोटो. तो हे खिशात घेऊनच गेले होते.

हे दिवसभर खुशीत होते. नाव दोनदा आलं होतं. त्याच्या आजूबाजूला काय लिहिलंय हे त्यांनी वाचलं की नाही, देव जाणे. कात्रण कापून ग्रुपवर टाकलं. पुण्याच्या गृहस्थांनी अंगठा पाठवला. कोल्हापूरकरांनी गुड मॉर्निंग पाठवलं.

वल्लरीनं दुरुस्ती वाचली आणि इतकंच म्हणाली, "आई, आता रीमाला कुठेही न्यायचं असेल तर मला तुम्ही विचारा. बाबांनी नको." मी म्हटलं, बरोबर आहे.

रोशनीला मी फोनवरून वाचून दाखवलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, छान झालं. सरांनी स्वतःच सांगितलं ना?"

"हो," मी म्हटलं. "स्वतःच्या तोंडानं." ते का सांगितलं, असं तिनं विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं. तिनं विचारलं नाही.

त्या दिवशी मोबाइलवर काढलेला नाचाच्या मुलींचा फोटो मी संपादकांना पाठवला होता, लुगड्यातल्या, तारप्याभोवती फेर धरलेल्या. "मॅडम, कार्यक्रम जुना झाला," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू." मी तीस वर्षं वर्गात जो आवाज वापरला, तो त्यांच्यावर वापरून पाहिला. उपयोग झाला नाही.

"येत्या शनिवारी या ना, बाई," फोन ठेवण्याआधी रोशनी म्हणाली. "त्या दिवशी तुमचं बोलणं राहिलंच. सगळा वेळ सरांनीच घेतला. रीमाला पण आणा, पोरी तिची आठवण काढतायत. आत्या म्हणते, त्या पोरीला जेवायला घालायचंय."

मी वल्लरीला विचारलं. तिनं रीमाच्या पिशवीत टॉवेल आणि रेनकोट भरून दिला.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी वज्रेश्वरीची एस.टी. पकडायला निघालो. हे हातमोजे घालून टेबलाशी बसले होते, ग्वाटेमाला उघडून.

"कुठे निघालात?"

"रोशनीकडे."

ह्यांनी भिंग खाली ठेवलं. "मला बोलावलं नाही त्यांनी?"

"नाही."

"आणि माझ्या जेवणाचं?"

"आमटी फ्रिजमध्ये आहे," मी म्हटलं. "गरम करताना हातमोजे काढा."

रीमा तोवर जिना उतरून खाली पोचली होती आणि रिक्षाला हाका मारत होती.